समुद्रपूरहून तुघलकाबाद: भावासोबत पॅरा नेमबाजी बघायला

मार्च २०२४ मध्ये दिल्लीत पॅरा नेमबाजीचा, म्हणजे दिव्यांगांच्या नेमबाजीचा, विश्वचषक झाला. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. हरभरा निघाला होता, म्हणून धाकट्याला घेऊन निघालो. चार वर्षांपूर्वी चिंचेवरून पडल्यापासून तो व्हीलचेअरवर आहे. पुढे कुणी अशा स्पर्धेला जाणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

नागपूरपर्यंत काळीपिवळीने गेलो आणि पहिला धडा तिथेच मिळाला. खुर्ची टपावर बांधताना पायटा, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, वाकला. पायटे निघत असतील तर आधीच काढून पिशवीत ठेवा.

नागपूरहून आम्ही दक्षिण एक्स्प्रेस धरली, कारण ती हजरत निजामुद्दीनला जाते आणि तिथून तुघलकाबादची शूटिंग रेंज नवी दिल्ली स्टेशनापेक्षा जवळ पडते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांगाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. पण त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. त्यावरून रेल्वेचं ओळखपत्र काढलं की तिकीट घरबसल्या निघतं. स्लीपरमध्ये दिव्यांग कोट्याचे मोजके चार बर्थ असतात, म्हणून आरक्षण लवकर करा. आम्ही हे कार्ड महिनाभर आधी काढायला टाकलं, तरी जेमतेम वेळेवर हातात आलं.

निजामुद्दीनला सराय काले खां बाजूने बाहेर पडा. तिथून पिंक लाइनने लाजपत नगर, मग व्हायोलेट लाइनवर बदरपूरच्या दिशेने तुघलकाबाद. मेट्रोत लिफ्ट आहे, रुंद गेट आहे, आणि डब्यात खुर्ची लावायला जागा आहे. घरून निघाल्यापासून भाऊ पहिल्यांदा मोकळा बसला तो मेट्रोतच.

घोळ झाला तो पुढे. ऑटोवाल्याला नुसतं ‘तुघलकाबाद’ म्हटलं, तर त्याने थेट किल्ल्यासमोर नेऊन उभं केलं. याच नावाचा किल्ला आहे, गाव आहे, रेल्वे स्टेशन आहे आणि मेट्रो स्टेशनही आहे. ‘शूटिंग रेंज, सूरजकुंड रोड’ असं स्पष्ट सांगा. रेंजचं पूर्ण नाव डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंज. बिकानेरचे हे महाराज पाच ऑलिंपिक खेळले आणि त्यांच्या नावाची ही रेंज १९८२ च्या एशियाडसाठी बांधली.

लॉजचं काय सांगू! फोनवर ‘व्हीलचेअर चालेल’ म्हणाले, आणि न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा दोन इंच अरुंद निघालं. रोज उचलून न्यावं लागलं. खोली घेण्याआधी दाराला मापाची टेप लावलेला फोटो मागवा. ते वैतागले तर वैतागू द्या.

आता खेळ. १० मीटर रायफलच्या निशाण्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ज्वारीच्या दाण्यापेक्षा कितीतरी बारीक. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत साठ गोळ्या. स्पर्धेचं नाव ‘स्टँडिंग’, आणि बरेच खेळाडू खुर्चीत बसलेले. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, “दादा, उभे म्हनते अन् बसूनच मारून रायले ना!” फरक कोपरांचा असतो. स्टँडिंगमध्ये कोपर कशावरही टेकता येत नाही, ‘प्रोन’ नावाच्या दुसऱ्या प्रकारात टेबलावर टेकतात.

मला मात्र वेगळंच दिसलं. एसएच २ गटात ज्यांच्या हातांना रायफलचं वजन पेलत नाही, त्यांची रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर असते आणि गोळी भरायला सोबत माणूस असतो. एक बाई हे काम करत होत्या. वाकायचं, छर्रा भरायचा, मागे सरायचं. नेम धरेपर्यंत हात मांडीवर आणि नजर खाली. पुन्हा वाकायचं. बोलणं नाही, खांद्यावर हात नाही. अर्धा तास बघितल्यावर भाऊ म्हणाला, “पाय ना दादा, ते कशी मांगं सरते.” मी तेव्हा त्याच्या खुर्चीची मूठ धरून होतो. सोडली.

आपल्या मोना अगरवालने याच विश्वचषकात पॅरिस पॅरालिंपिकचा कोटा, म्हणजे तिथे खेळायची जागा, मिळवला. ऑगस्टमध्ये पॅरिसला त्याच १० मीटर प्रकारात अवनी लेखराला सुवर्ण आणि मोनाला कांस्य मिळालं, तेव्हा आमच्या ओट्यावर निम्मं गाव मोबाइलला चिकटलं होतं.

रेंजवर फोन सायलेंटवर ठेवा, फ्लॅश अजिबात मारू नका. १० मीटरला नुसतं ‘टप्प’ होतं, पण २५ आणि ५० मीटरला काडतूस असतं. मेडिकलमधून कानात घालायचे बोळे घेऊन जा. सकाळी थंडी वाजते. आमच्याकडे मार्चमध्ये पंखे सुरू झालेले असतात, त्यामुळे आम्ही स्वेटर नेलाच नव्हता. घरच्या जेवणाची आठवण आली तर मंडी हाऊसजवळ कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे. मेट्रोची लाइन तीच, व्हायोलेट.

परत आल्यावर चौथ्या दिवशी भावाने सुताराला बोलावलं. खुर्चीसमोर लावायचं टेबल, पोटाजवळ अर्धगोल कापलेलं. सुताराने विचारलं, “जेवाले का?” भाऊ म्हणाला, “नाही, कोपर टेकाले.” सुताराने दोन्ही हातांचं माप घेतलं आणि पन्नास रुपये जास्त सांगितले.