अंगठा

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला निघालो आणि नेमका पापाच्या तिकटीला चपलेचा अंगठा तुटला.

आधीच डोकं फिरलेलं होतं. आम्ही सहा जण मिळून प्रदर्शन भरवलेलं. माझी तीन चित्रं, तिन्ही रंकाळ्याची. (कोल्हापुरात हातात ब्रश धरणारा प्रत्येक जण आधी रंकाळा रंगवतो, त्याला इलाज नाही.) निमंत्रणपत्रिकेत माझं नाव शेवटी छापलं होतं, त्यावरून सकाळपासून चार फोन झाले होते. एक मित्र तर, आपलं चित्र जिन्याखाली लावलंय म्हणून येणारच नाही म्हणत होता.

तर पाय फरफटत एका चपला शिवणाऱ्या मामांपुढे जाऊन उभा राहिलो. ‘‘बसा की,’’ म्हणाले. माझ्याकडे पाहिलंच नाही, चप्पल तेवढी उलटी केली.

‘‘ह्यो अंगठा आधी बी कुणीतरी शिवलाय. वादी बारीक वापरलीया, म्हणून तुटला. मूळची शिवण झ्याक हाय. अथणीकडची दिसतीया.’’

मी ती ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून घेतली होती. अथणी तर कर्नाटकात. तरी खोटं नव्हतं म्हणा. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात आले. पण सही नाही, शिक्का नाही, नुसत्या टाक्यावरून गाव ओळखायचं? आमच्यात खालची सही वाचल्याशिवाय ‘वा!’ म्हणायचीही पंचाईत असते.

त्यांनी आरीनं जुनी भोकं मोकळी केली, भिजवलेली वादी ओवली, एक टोक दातात धरून ओढलं आणि वरून दोन ठोके घातले. मला उगाच सांगावंसं वाटलं, ‘‘मी चित्रकार आहे. आज प्रदर्शन आहे माझं.’’

‘‘पेंटर व्हय?’’ आता कुठं त्यांनी मान वर केली. ‘‘आमच्या भिताडाला ओल येतीया. बघता काय येऊन?’’

क्षणभर कानशिलं तापली. मग आठवलं, याच गावात ‘पेंटर’ हीच पदवी होती. मेस्त्रींच्या घरातले आनंदराव आणि बाबूराव हे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले. आनंदराव १९१६ साली गेले; बाबूरावांनी सहकाऱ्यांना घेऊन सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोखंड कानसताना ते मेस्त्री होते की कलावंत, हे विचारायला तेव्हा कुणाला फुरसत नसावी. आम्हाला मात्र पेंटर म्हटलं की झोंबतं.

हॉलवर पोचलो तेव्हा पाहुणे ‘कलावंत नसता तर समाज आंधळा राहिला असता’ इथपर्यंत आले होते. पुढे त्यांनी चर्मकार, कुंभार, गवंडी यांनाही ‘तेही एका अर्थी कलावंतच’ म्हणून पदरात घेतलं. टाळ्या पडल्या. मला ती आढ्यताच वाटली. आमच्या पंगतीत बसवल्याशिवाय त्यांना मान नाही की काय? केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा आम्ही सगळे हळहळलो, मीही रडलो. पण १९१५ साली ते उभं राहिलं त्यातल्या एका तरी गवंड्याचं नाव आम्हा रडणाऱ्यांपैकी कुणाला सांगता आलं असतं? शाहू महाराजांचं तेवढं माहीत, आणि ते असायलाच हवं.

एक सांगायचं राहिलं. मामांनी तीस रुपये सांगितले होते. मी पन्नासची नोट देऊन मोठ्या मनानं ‘राहू द्या’ म्हणालो. त्यांनी वीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि पुढची चप्पल उचलली. भिंतीच्या ओलीवर काय करतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो विषय मीही वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात सहाही नावं आली. माझं चुकीचं छापलं होतं. चित्रं तिन्ही घरी परत आलीत. अंगठा अजून शाबूत आहे.