एंटर दाबलं आणि पुढे गेलं

आज जुळे सोलापूरला सरांकडे होतो. त्यांच्या गणिताच्या जुन्या नोट्स लेटेकमध्ये, म्हणजे गणिताचा मजकूर छपाईसाठी मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पानं जशीच्या तशी हवीत, म्हणून जुनंच व्हर्जन बसवायला घेतलं. फॉरमॅट, म्हणजे लेटेकच्या सोर्स फाइलमधून (मूळ कोडमधून) आधी बनवून ठेवायची फाइल, बनताना मध्येच थांबलं: सोर्स फाइल पाच वर्षांहून जुनी आहे! सरांचा चेहराच उतरला. फाइलचं वय लेटेक संगणकाच्या तारखेवरून मोजतं, म्हणून मी तारीख मागे न्यायला निघालो. मग संदेश नीट वाचला. एंटर दाबलंत तर फॉरमॅट बनेल, असं तिथेच लिहिलेलं. दाबलं, बनलं! जुन्या कामासाठी वाट मोकळी ठेवणाऱ्यांबद्दल फार आदर वाटला. संध्याकाळी पहिलं पान छापून आलं. सरांनी इंटिग्रलच्या खुणेवरून हळूच बोट फिरवलं. "हेच रे," म्हणाले.