अनुदान चालतं, मग निर्यातबंदी का नको?

पुण्याचे मेहुणे असोत की मुलाच्या कॉलेजातले सर, मी नाशिकचा कांदा पिकवणारा शेतकरी म्हटलं की प्रश्न ठरलेला : "भाव पडला की सरकारने धावून यायचं, चढला की लांब राहायचं. असं कसं चालेल?"

तुमच्याही मनात तेच असेल, म्हणून सांगतो. फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये विकलेल्या कांद्यावर राज्याने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं. मी घेतलं. सरकारने कांद्याला हातच लावू नये, असं पूर्वी पारावर ठासून सांगायचो. आता जीभ रेटत नाही.

पण 8 डिसेंबर 2023 ची सकाळ ऐका. लाल कांद्याची ट्रॉली घेऊन पहाटेपासून बाजार समितीत रांगेत होतो. मोबाइलवर बातमी आली : आजपासून निर्यात बंद, 31 मार्चपर्यंत. आदल्या दिवशी चढाओढीने बोली लावणारे व्यापारी कांदा उचलायचे, दाबून बघायचे, परत टाकून पुढे जायचे. थोड्या वेळात लिलावच बंद पडला. शेजारच्या ट्रॉलीवरचे बाबा काही न बोलता ताडपत्री ओढायला लागले. माल घरी नेऊन करणार काय? लाल कांदा म्हणजे उन्हाळ्यात निघणारा, टिकाऊ 'उन्हाळ' कांदा नव्हे, चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) टिकत नाही. कोंब येतात, पाणी सुटतं. नंतर मिळेल त्या भावात दिला. मजुरी आणि भाडंही नीट सुटलं नाही.

तुटवड्याची भीती खोटी होती, असं मी म्हणत नाही. देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या 302 लाख टनांवरून 255 लाखांच्या आसपास उतरल्याचा सरकारी अंदाज पुढे आलाच. पण तो मार्च 2024 मध्ये. डिसेंबरात उन्हाळ कांद्याच्या लागवडीच सुरू होत्या! किती पिकेल हे माहीत नसताना एवढा जोरात ब्रेक मारायचा? त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर विकायचं नाही. शिव्या तेव्हाही घातल्या. पण शुल्क धरून निर्यातदाराला हिशोब मांडता येतो, ते कमी-जास्तही करता येतं. बंदीत हिशोबच संपतो. शिवाय चार महिन्यांत तीनदा नियम बदलले, की पुढच्या बदलाची धास्ती व्यापारी माझ्याच भावातून कापून घेतो.

"खात्री होईपर्यंत थांबलं तर शहरात शंभरी गाठेल त्याचं काय?" मेहुणे विचारतात. याला माझ्याकडे उत्तर नाही. मग त्यांनी बफरच्या, म्हणजे सरकारने खरेदी करून ठेवलेल्या कांद्याच्या साठ्याचं काढलं : तो तरी बाजारात उतरवलेला चालेल ना? किती, कधी आणि काय भावाने, ते लागवडीआधी जाहीर करा म्हटलं, मग बोलू.