काही होणार नाही ना, डॉक्टर?

फिलर असो की लेसर, खुर्चीवर बसता बसता बहुतेक जण हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: "काही होत नाही" असं मी कुणालाच म्हणत नाही. होऊ शकतं. काय होऊ शकतं आणि झालंच तर मी काय करणार, हे आधी ऐका, मग ठरवा.

फिलर म्हणजे बोटॉक्स नव्हे. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर त्वचेखाली भर घालतं. बहुतेक वेळा ते हायलुरॉनिक ॲसिडचं जेल असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच आहे, फक्त तो लगेच विरून जाऊ नये म्हणून जेलमध्ये त्याचे धागे एकमेकांना बांधलेले असतात. साधारण ६ महिने ते दीड वर्ष टिकतं, ओठांत त्याहून लवकर ओसरतं. सूज, काळंनिळं होणं हे काही दिवस राहतंच. समारंभ चार दिवसांवर असेल तर मी सुई हातात घेत नाही.

मला धास्ती असते ती वेगळीच. जेल रक्तवाहिनीत गेलं तर पुढच्या भागाचं रक्त थांबतं. नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत जोखमीची, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या आहेत. क्वचित का होईना, यातून दृष्टी गेलेली आहे.

एकदा एका पेशंटच्या वरच्या ओठात सुई असतानाच ओठापासून नाकपुडीपर्यंतची त्वचा पांढरी पडली. सुई काढली, बोटानं दाबून सोडलं. एरवी दाबलेली जागा दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. मी मनात सहापर्यंत मोजलं, रंग आला नाही. हायलुरोनिडेज, म्हणजे हे जेल विरघळवणारं एन्झाइम, शेजारच्या ट्रेमध्येच होतं. टोचलं, चोळलं, गरम शेक दिला, पुन्हा टोचलं. रंग परतेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही ते सोडवून घेतलं नाही.

म्हणून कुणाकडेही जा, "हायलुरोनिडेज इथे आहे का?" हे जरूर विचारा. कॅल्शियमच्या फिलरवर ते चालत नाही, तेव्हा फिलर कोणतं तेही विचारा. खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बॅच नंबरचं स्टिकर जपून ठेवा. घरी गेल्यावर वाढती वेदना, पांढरा डाग किंवा जाळीसारखा जांभळा रंग दिसला तर सकाळची वाट पाहू नका. नजर अंधुक झाली तर त्याच क्षणी निघा.

लेसरचं गणित रंगावर चालतं. केस काढताना किरण केसाच्या मुळातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, तापवतो, पण मेलॅनिन त्वचेतही असतं आणि किरणाला त्यातला फरक कळत नाही. म्हणून सावळ्या त्वचेला मी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर वापरते. तो खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. उन्हानं त्वचा रापली असेल तर थांबायचं. आधी रेझर चालतो, वॅक्सिंग नाही, कारण मूळच उपटलं तर तापवायचं काय? पांढऱ्या केसांवर उपयोग होत नाही. एका वेळी फक्त वाढीतलेच केस सापडतात, म्हणून सहा-आठ बैठका लागतात. कायमचे सगळे जातील, असं वचन मी देत नाही. बरेच कमी होतात.

वांग घेऊन येणाऱ्यांना मात्र मी लेसरची घाई करू देत नाही. उष्णतेनं तो उलट गडद होऊ शकतो, शिवाय परत येतो. आधी सनस्क्रीन आणि मलम, तेही काही महिने नेमानं. हे ऐकून चेहरे उतरतात, मला दिसतं. तरीही कुणी लेसरच हवा म्हणालं, तर कानाच्या पुढे, जबड्याच्या कडेला छोटीशी जागा तपासून बघते आणि चार आठवड्यांनी बोलावते. तिथे डाग उमटला तर तो तेवढ्यावरच थांबतो.