स्वस्त वेळेतले गरम पाणी आणि तीन अंशांचा हिशेब

महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे वेळेनुसार नोंद ठेवणारे स्मार्ट मीटर बसले आहेत, त्यांच्यासाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. तेव्हापासून कोल्हापुरात ओळखीची अनेक मंडळी गीझरला टाइमर लावण्याविषयी विचारतात. इंग्लंडमध्ये स्वस्त विजेचे तास रात्रीचे असत आणि सकाळच्या आंघोळीचे पाणी रात्रीतूनच तापून तयार होई. आपल्याकडे सौरऊर्जेमुळे वीज दुपारी मुबलक असते, म्हणून सवलतही दिवसाच मिळते. आंघोळ मात्र बहुतेक घरांत सकाळी सहा-सातला होते. त्यामुळे दुपारी तापवलेले पाणी रात्रभर टिकते का, हा प्रश्न टाइमरच्या आधी विचारायला हवा.

२५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.१ युनिट वीज लागते आणि २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ८० पैशांच्या दराने यावरची सवलत होते ८८ पैसे. विजेचा एकूण दर युनिटला १० रुपये धरला, तर टाकीतले पाणी सकाळपर्यंत फक्त ३ अंशांनी निवले तरी ती सवलत संपते. त्यापुढची प्रत्येक अंशाची घट आपल्या खिशातून जाते. टाकी १५ लिटरची असो की १०० लिटरची, हा तीन अंशांचा हिशेब बदलत नाही. मोठ्या टाकीत लिटरमागे बाहेरचा पृष्ठभाग कमी असल्याने पाणी हळू निवते, एवढाच फरक. सवलतीचा किंवा विजेचा दर बदलला की हे गणित पुन्हा मांडावे लागेल.

म्हणून पहिली तपासणी थर्मामीटरची. गीझर आपोआप बंद झाल्यावर गरम पाण्याचा नळ सोडून, नळीतले थंड पाणी जाऊ देऊन तापमान मोजावे. रात्रभर वीज बंद ठेवून सकाळी तसेच मोजावे. आमच्या २५ लिटरच्या गीझरमध्ये ही घट तीन अंशांपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे सकाळच्या आंघोळीसाठी दुपारी पाणी तापवून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. टाइमर पावणेचार ते पावणेपाच असा लावून ते पाणी घरातील वडीलधाऱ्यांच्या संध्याकाळच्या आंघोळीला आणि भांड्यांना वापरणे मला योग्य वाटते, कारण त्यात साठवणुकीचा काळ थोडा आणि सवलत पूर्ण मिळते. नवा गीझर घेणाऱ्यांनी वीजबचतीच्या ताऱ्यांसोबत लेबलवरचा २४ तासांतल्या उष्णताक्षयाचा आकडाही वाचावा. तो पाणी आणि बाहेरची हवा यांत ४५ अंशांचा फरक धरून दिलेला असतो.

छतावर सोलर वॉटर हीटर असलेल्या घरांना या सवलतीचा खरा उपयोग पावसाळ्यात आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन बेभरवशाचे असते आणि ऊन नसताना पाणी तापवणारी विजेची बॅकअप कॉइल पहाटे लावली जाते. टाकीतली रात्रीची घट तीन अंशांच्या आत राहत असेल, तर कॉइल दुपारी चारनंतर, ऊन ओसरल्यावर लावावी. सकाळीच लावली, तर टाकी आधीच गरम झाल्याने टाकीखालच्या, उन्हात तापणाऱ्या नळ्यांकडे कोमट पाणी जाते आणि दिवसभराचे थोडेफार ऊनही वाया जाते.

बिघाड शोधताना पाणी तापलेच नाही, की तापले पण टिकले नाही, हे आधी ठरवावे. संध्याकाळी पाणी गरम आणि सकाळी गार असेल, तर कॉइलला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री कोणी पाणी वापरलेले नसताना गीझरमधून निघणाऱ्या नळीला हात लावून पाहावा. ती लांबवर गरम लागली, तर बाथरूमच्या मिक्सर नळातून गरम आणि थंड पाणी एकमेकांत जात असण्याची शक्यता असते. थंड नळातून सुरुवातीला कोमट पाणी आले तर ती बळावते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापतानाच थोडे ठिबकणे स्वाभाविक आहे, कारण २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत प्रसरण पावताना सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. पण तो चोवीस तास ठिबकत असेल तर पाणी गटारात जात आहे. ठिबक थांबवण्यासाठी व्हॉल्व्हचे तोंड बंद करणे मात्र अत्यंत धोकादायक आहे. ते कोणीही करू नये.

पाणी तापलेच नसेल, तर आधी टाइमर पाहावा. बॅटरी नसलेला चकतीचा टाइमर वीज गेली की थांबतो आणि परतल्यावर तेवढाच मागे राहतो. पावसाळ्यात वीज वारंवार गेली की पावणेचारची वेळ हळूहळू पाचच्या पुढे सरकते. पाणी गरम मिळत राहते, सवलत तेवढी जाते, आणि हा दोष बिलावरील वेळेनुसारचे युनिट पाहिल्याशिवाय लक्षातही येत नाही. टाइमर आणि सॉकेट १६ अँपिअरचेच असावेत. २ किलोवॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खेचतो, आणि त्याने ६ अँपिअरचा प्लग वितळू शकतो.

व्होल्टेज हे दुसरे कारण. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर २ किलोवॉटची कॉइल दीड किलोवॉटच्या आसपास चालते आणि तेहतीस-चौतीस मिनिटांच्या कामाला चव्वेचाळीस मिनिटे लागतात. टाइमर काटेकोर अर्ध्या तासाचा लावला असेल तर पाणी कोमटच राहणार. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत कॉइलवर क्षार बसतो, तापताना तडतड आवाज येतो आणि कॉइल आतून जास्त तापून लवकर जाते. वीज पूर्ण तोडून वायरमनने मल्टिमीटरने मोजल्यास २ किलोवॉटच्या चांगल्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास येतो; कॉइल तुटली असेल तर विजेला मार्गच मिळत नाही. रोध ठीक असूनही पाणी तापत नसेल, तर अतिउष्णतेने उघडलेला कटआउट, म्हणजे पाणी फार तापल्यास वीज तोडणारा स्विच, तपासावा. तो एकदा पुन्हा दाबून चालू झाला आणि परत पडला, तर पाण्याचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट बदलावा लागतो.

गीझर सुरू होताच आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर गीझर त्याच क्षणी बंद करून अर्थिंग आणि कॉइल दोन्ही तपासून होईपर्यंत पाणी गॅसवर तापवावे.