मेणवलीच्या घाटावरचे एक पान

आज सकाळी वाईजवळच्या मेणवलीला गेलो आणि नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून माझ्या चित्ररोजनिशीचे एक पान पूर्ण केले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तिकडून आलेली पोर्तुगीज घंटा येथे टांगलेली आहे. तिचे फोटो मी पूर्वी अनेकदा काढले होते, परंतु तिचा घेर खाली येताना किती हळुवार पसरतो, हे आज पेन्सिलीने ती रेषा तीनदा खोडून पुन्हा काढताना प्रथमच नीट दिसले.

काळ्या पाषाणासाठी मी काळा रंग वापरत नाही. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) हे रंग एकत्र केले की ओल्या दगडाचा करडेपणा अचूक साधतो. (रेषेची शाई मात्र पाण्याने न फुटणारी हवी, कारण वर्षभरापूर्वी मुरुडचे एक सुंदर पान शाई फुटल्यामुळेच वाया गेले.)

शेजारी धुणे धूत असलेल्या मावशी डोकावून म्हणाल्या, "दादा, माझी बादली काढली न्हाई व्हय?" पानाच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या वर, आता त्यांची निळी बादली आहे.