तलावातला हिशोब

कालपासून डोकं ठिकाणावर नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की दादाला फोनवर सांगता सांगता मीच मधे थांबले. मी एका मनातल्या पार्कचा नकाशा काढतेय, आईने त्याच्यावर कापूस वेचणीचा हिशोब लिहिला. बस, एवढंच.

आधी पेन चालत नव्हतं म्हणून कोपऱ्यात गिरगटलंय, मग नीट: हापशीजवळची 38 किलो, मागच्या घरची 41, तिची सून 29, खाली रेघ मारून बेरीज. बरोबर नकाशातल्या तलावात. बाकी सगळीकडे मी काही ना काही काढून ठेवलेलं, तलाव तेवढा कोरा होता. संध्याकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "कामाचा होता का वं तो कागद? मले कोरा दिसला." आणि मी म्हटलं, नाही वं आई, कामाचा नव्हता.

कागदाचं काही नाही, परत काढता येतो. पण मी इतक्या पटकन नाही का म्हटलं? दिवाळीच्या आधीपासून रोज रात्री जेवणं झाली की तेच तर करतेय. कुठेच बांधला जाणार नाही असा एक पार्क, त्यातला फक्त एक भाग, डिस्नेलँडमध्ये टुमॉरोलँड, म्हणजे उद्याचं जग दाखवणारा भाग आहे ना तसा, पण आपल्या संत्र्यांच्या वरुड-मोर्शीकडचा. पुढचे दिवस चांगले आलेत असं धरून चालायचं आणि मग काय काय दिसेल ते काढायचं. आईला हे कसं सांगणार. बाबांना तर नकोच, आधीच नोकरीवरून जे काय चाललंय ते पुरे आहे.

पण खरं सांगू, आईचा प्रश्न नाहीये. चांगलं काही काढायचं म्हटलं की मलाच लाज वाटते. सुकलेली बाग काढली असती, भेगा पडलेलं वावर काढलं असतं, तर तो कागद मी कामाचा म्हटला असता, लपवलाही नसता. विदर्भातली मुलगी दुःख काढते म्हटलं की लोक मान हलवतात, कॉलेजच्या प्रदर्शनात माझ्या त्याच चित्रासमोर सगळे थांबले होते. आणि हसणारं काही काढलं की पोरीचा टाइमपास. हे मला कोणी शिकवलं कोण जाणे.

त्या डिस्नेच्या लोकांना कशी लाज वाटली नाही? 1955 मध्ये वॉल्ट डिस्नेने टुमॉरोलँड उघडलं तेव्हा ते 1986 सालचं जग आहे असं ठरवलं होतं, हॅलेचा धूमकेतू परत येणार ते वर्ष. पैसे आणि वेळ दोन्ही संपत आलेले, म्हणून तो भाग अर्धवटच उघडला, कंपन्यांची प्रदर्शनं भरून वेळ मारून नेली, पुढच्या वर्षी त्यात उद्याचं बाथरूमपण आलं! 1957 ला मोन्सँटोचं प्लॅस्टिकचं घर आलं (हे नाव आमच्याकडे कपाशीच्या बियाण्यामुळे पोरासोरांना माहीत), चार बाजूंना चार पंख, मधे एक खांब. 1967 ला पाडायला गेले तर तोडायचा लोखंडी गोळा त्याच्यावरून उसळून परत आला म्हणे, शेवटी कापून काढावं लागलं, दोन आठवडे लागले. म्हणजे भविष्य जुनं झालं पण मोडता मोडेना. 1986 ला आमच्या गावात एक टीव्ही होता, बाबा सांगतात, आणि तोही सरपंचाकडे.

आणि ते डिस्नेलँड बांधलं कुठे, तर संत्र्याच्या बागा तोडून. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइममध्ये 160 एकर, बहुतेक सगळी संत्रीच. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी मी येडी. पुढे 1998 मध्ये त्याच टुमॉरोलँडमध्ये शोभेच्या झाडांच्या जागी खाता येतील अशी झाडं लावली, त्यात परत संत्री! फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच एपकॉट पार्कमध्ये 1983 पासून 1999 पर्यंत होरायझन्स नावाची राइड होती, तिच्यात वाळवंटातल्या भविष्यातल्या शेताजवळून गाडी गेली की संत्र्याचा वास सोडायचे. मशीनने.

इथं मला हसायला आलं. तिकडे ज्याला भविष्य म्हणून वास सोडावा लागतो ते आमच्या मागच्या दारी आहे. आत्ता मात्र नाही. आत्ता आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागेला ताण दिलाय, पाणी तोडलंय, पानं सुरळी होऊन लोंबतायत, दुपारी बघवत नाही. नवखा माणूस म्हणेल बाग मेली. मग ताण तोडला, पाणी दिलं, की पांढरी फुलं अशी फुटतात की रात्री खिडकी बंद करावी लागते. आता हे पार्कात कसं बसवायचं? डिसेंबरात आलेला माणूस तिकीट काढून वाळकी झाडं बघेल आणि पैसे परत मागेल. मी तर बारा महिने फुललेली काढून ठेवली होती. चूक बिक नाही, पार्कात तसंच काढतात, पण कोणत्याही बागवाल्याने बघितलं तर तो हसून लोळेल. ताण दिलेल्या झाडांची एक ओळ ठेवायचीच असं ठरवलंय, शेजारी पाटी, आणि पाटीजवळ एखादे आजोबा, ते सांगतील. राइडपेक्षा आजोबांसमोरच रांग लागेल बघा.

तलावाचं तर काय बोलावं. असल्या प्रत्येक पार्कात मधे पाणी असतं म्हणून मीपण काढला, आणि आमच्याकडे बोअर हजार फुटांवर गेलेत तरी ओल लागत नाही. आईने लिहिलं ते बरंच केलं, तो तसाही कोरडाच होता. आता तिथं शेततळं येईल, अस्तर टाकलेलं, कडेला तारेचं कुंपण (पोरं पडतात), आणि जी उंच वस्तू लांबून दिसून माणसांना आत ओढते ती म्हणजे रॉकेट नको, पाण्याची टाकी. गावात लांबून दिसतं ते तेच. पण टाकीत पाणी असणार हं, तेवढं भविष्य मी घेणारच.

नकाशा फाडला नाही. वेचणीचे पैसे शनिवारी द्यायचेत, तोवर आईला तो कागद लागणारच आहे, आता तो तिच्या डब्यात आहे, पावत्यांबरोबर.

मी नवीन शीट घेतलंय. तिकिटाचं अडलंय. रुपयात लिहिलं की दर वर्षी बदलणार, म्हणून आपल्याच मापात लिहिलं: मोठ्यांना पाच किलो वेचणीचे जे होतील ते, वेचणारीला तिच्या सुनेसकट फुकट, सरपंचाला डबल.